भैरूची जुळणारी सनई

एका गावात भैरू नावाचा एक भोळा सनईवाला होता. छातीत दम भरपूर. डोक्यात मात्र सगळा आनंदीआनंद.

गावच्या देवळात सनई वाजवायची जागा रिकामी झाली. पाटील म्हणाले, "आमच्या ताराच्या लग्नात नीट वाजीव. देवळाची चाकरी तुझी. इस्कोट केलास, तर या गावात सनई काढायची न्हाई."

भैरूची बायको सगुणा देव पाण्यात घालून बसली. जुनी सनई चिरली होती, म्हणून तिने नवी आणायला सांगितलं. ती सनईवाल्याचीच लेक. म्हणाली, "लांब सनईचा सूर खालचा. एकट्यानं वाजवायला ती ग्वाड. आखूड सनईचा सूर वरचा. लोकांसंगं वाजवायला ती बरी. समजलं?"

"समजलं."

भैरू लांब सनई घेऊन आला.

"अवं, ही का आनली?"

"दुकानात मी एकलाच होतो."

सगुणाने कपाळावर हात मारला. "सोबतीला कोन हाय ते बघावं! त्याच्या सुराशी जुळंल ती घ्यावी."

"आता चुकायचा न्हाई."

पुढच्या बाजाराला भैरू गेला आणि त्याहून लांब सनई घेऊन आला.

"आता ही कशापायी?"

"वाटेत सोबतीला शिरपाची म्हैस होती. तिला दुकानापुढं रेकायला लावली. तंतोतंत जुळली बघ."

दुकानदारानेही मान डोलावली होती म्हणे. माल खपत असला की दुकानदाराला म्हशीचाही कान चालतो.

सगुणा आता रडकुंडीला आली. "माज्या दादाला न्या. लग्नात तुमच्या मागं सूर धरून त्योच बसनार हाय. त्याच्याशी जुळंना, तर भीड धरू नका. तोंडावर सांगा. जुळत न्हाई, परत घ्या, दुसरी दाखवा."

भैरूने अगदी तसंच केलं. दुकानदार वैतागला, पण आखूड, नेमक्या सुराची सनई घरी आली.

लग्नात भैरूने अशी वाजवली की रुसलेले पाहुणेसुद्धा हसले. पाटील खूश होऊन म्हणाले, "उद्यापासनं देवळात ये." सगुणाचे डोळे भरून आले. बिचारीला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग पंगत बसली. घास भरवताना नाव घ्यायचा आग्रह झाला. ताराने बारीक, उंच आवाजात नाव घेतलं. नवरदेवाने जाड, घोगऱ्या आवाजात घेतलं. भैरू वाजवायचा थांबला.

"पुन्यांदा घ्या बरं," तो म्हणाला. सगळे हसले. दोघांनी पुन्हा नाव घेतलं. भैरूने कान देऊन ऐकलं आणि मागे वळून विचारलं, "दादा, तुमाला काय वाटतं?" दादाचं तोंड सुराच्या सनईत अडकलेलं. त्याने नुसती मान हलवली.

भैरूने मुळीच भीड धरली नाही. उठला, नवरदेवाचा दंड धरून त्याला पाटावरून उठवलं आणि त्याच्या वडिलांपुढे नेऊन उभं केलं.

"जुळत न्हाई," भैरू भर पंगतीत म्हणाला. "ह्यो परत घ्या. जरा वरच्या सुरातला दुसरा दाखवा."