मिटलेल्या टपाखाली

"म्हणजे मोटारीचा टप जातो कुठे?" उघडेबुवांनी विचारलं.

"डिकीत."

"आणि डिकीतलं सामान?"

"सामान न्यायचंच नाही, बुवा. टप आत आला की डिकीत रुमालसुद्धा मावत नाही."

"आभाळ हवं असेल तर बिऱ्हाड घरी ठेवून यायचं."

जयसिंगराव घोरपडे मोठ्यानं हसले. बुवा हसले नाहीत. बुवांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

ऊन कललं होतं. घाटमाथ्यावरचा कातळाचा सडा काळा, ओसाड पसरला होता, आणि त्याच्या मधोमध वेताळाचा उभा दगड.

या वेताळाला छप्पर चालत नाही. गावानं मागे एकदा हौसेनं चार खांब रोवून वर पत्रे घातले. सकाळी पत्रे दरीत आणि खांब जागच्या जागी. वाऱ्यानं उडाले म्हणावं, तर खिळ्याचं एकही भोक फाटलेलं नव्हतं. तेव्हापासून त्याच्यापुढे कोणी डोकं झाकून उभं राहत नाही. धो धो पाऊस असो, छत्री मिटायची, पदर खांद्यावर घ्यायचा, टोपी हातात धरायची.

बुवाही तसेच. छपराखाली जात नाहीत. भिजतात, वाळतात, पुन्हा भिजतात. म्हणून नाव उघडेबुवा.

जयसिंगरावांच्या डोक्यावर मात्र टोपी होती. निळी, पुढे चांदीचं बोटभर चाक लावलेली. बुवांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"ही टोपी नव्हे, बुवा," जयसिंगराव म्हणाले. "ही आमच्या मंडळाची खूण आहे. वेताळाला कळतं ते."

मंडळ म्हणजे कोल्हापूरचं मोकळं आभाळ मंडळ. उघड्या मोटारींचे शौकीन. दर रविवारी टप पाडून घाटात येणार, चहा पिणार, एकमेकांच्या मोटारींची तारीफ करणार आणि पाठ वळली की खोड्या काढणार. मंडळाचा एकच धर्म, टप कापडाचा. आणि त्या धर्माचे शंकराचार्य हेच, जयसिंगराव. त्यांनी नाक मुरडलं की मोटार बाद.

आता मंडळाच्या लाडक्या मोटारीचं कंपनीनं नवं रूप काढलं होतं. कापड गेलं, लोखंडी टप आला. बटण दाबलं की मोडून, दुमडून मागे आत जाणारा. आणि जयसिंगरावांनी कोणाला न सांगता ती घेतली होती. लाल, दोन माणसांची.

"मंडळात नुसती आग लागलीय," ते म्हणाले. "बापू शिर्के म्हणतात, ही मोटार नव्हे, लोखंडी पेटी. मागून बघा, गाभण म्हैस दिसते. तर निंबाळकरांची देवयानी म्हणते, बापूंचा टप पहिल्यापासून गळतो, बापू जन्मभर भिजले आणि त्यालाच रसिकता म्हणत राहिले."

"बापूनं आत बसून पाहिलं?"

"छे. फोटो पाहिलाय."

"आणि पोरीनं?"

"तिनंही फोटोच."

"फोटोवरून भांडतात?"

"भांडतात? बापू तिच्या बाळाच्या बारशाला गेले नाहीत, बुवा! फोनवर असल्या शिव्या लिहिल्या जातायत की लिहिणाऱ्यानं तोंड धुवावं."

बायको आजारी होती तेव्हा जयसिंगराव घरात जितकं बोलले नसतील, तितकं त्या टपाविषयी बोलले. बिजागऱ्या, रबर, मागचा फुगीर भाग, जड झालेलं बूड. बुवा गवताची काडी चावत ऐकत होते.

मग जयसिंगरावांनी तो उघडून दाखवला.

डिकीचं झाकण उलट्या बाजूनं वर झालं. टप मधोमध मोडला, उचलला गेला, मागे सरकला आणि पोटात जाऊन बसला. झाकण मिटलं. शेवटी एक सुस्कारा आला.

"काय सफाई आहे म्हणा!"

"मिट," बुवा म्हणाले.

टप तसाच परत आला. पुन्हा तोच सुस्कारा.

"ही तारीफ सांगायला तू घाट चढून आला नाहीस," बुवा म्हणाले. "कशाला आलास?"

जयसिंगरावांनी मोटारीकडे पाहिलं. मग दोन पावलं लांब आले. आवाज उतरवला, जणू तिला कान होते.

"कापडी टपात सगळं ऐकू येतं, बुवा. वारा, ट्रक, टिटवी. माणूस जगात असतो. हा मिटला की जग बंद. मला तर पहिल्याच दिवशी आवडलं. घाटात मोटार बंद करून नुसता बसलो. आणि..."

"आणि?"

"श्वास ऐकला."

"तुझा असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून रोखून पाहिला."

"मग?"

"तोही थांबला."

"मग तुझाच."

"हो. पण... जरा उशिरा थांबला, बुवा."

बुवांच्या तोंडातली काडी खाली पडली. सड्यावरचा वारा केव्हा पडला ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"विकणाऱ्याला दाखवलीस?"

"दाखवली. त्यांच्या कारागिरानं टप मिटून आत बसून तपासली. रबर बघितलं, पंखा बघितला. काही नाही म्हणाला. पण किल्ली माझ्या हातात दिली नाही त्यानं. बॉनेटवर ठेवली आणि गेला."

"उघडल्यावर?"

"उघडल्यावर काहीच नाही."

"मग उघडा ठेव."

"तेच तर होत नाही." जयसिंगरावांनी कपाळावरचा घाम टोपीखाली बोट घालून पुसला. "घरापाशी येतो आणि बसून राहतो. आतून जेवायला हाका मारतात. मी टप मिटून तो श्वास ऐकत असतो. आधी भीती वाटायची. आता... सवय झालीय. तो नसला तर कसं होईल, असं वाटतं."

बुवांनी खाली पडलेली काडी पायानं बाजूला सारली.

"रविवारी सगळे जमणार आहेत. मी बोलेन ते शेवटचं. वाईट म्हणालो तर खोटं बोललो, मला तो टप हवाय. चांगला म्हणालो तर देवयानीची अशीच मोटार पुढच्या महिन्यात येतेय. बाळाला शेजारी घेऊन हिंडणार म्हणते. टप मिटून, बाळाला वारा लागू नये म्हणून." ते थांबले. "जिथून तो श्वास येतो त्या सीटवर, बुवा."

बुवा उठले.

"त्याला काढा," जयसिंगराव म्हणाले. "नारळ म्हणा, कोंबडा म्हणा. काय लागेल ते."

"दार उघड."

"कशाला?"

"आत बसतो."

"तुम्ही? छपराखाली? अहो, तुमचं व्रत..."

"व्रत आहे असं कोण म्हणालं तुला?"

"सगळा मुलूख म्हणतो!"

"मुलूख फोटो बघून बोलतो."

"मग इतकी वर्षं उन्हापावसात..."

"भीती," बुवा म्हणाले. "माझं घर होतं खाली. कुडाचं, गवताच्या छपराचं. एकदा आडवा पडलो होतो. मीही श्वास रोखून बघितला होता."

ज्यांच्या निडरपणाच्या गोष्टी त्यांनी मंडळात मिशीला पीळ देऊन सांगितल्या होत्या, ते बुवा मोटारीच्या दारापाशी उभे होते आणि आत पाय घालत नव्हते.

"कुठलं बटण?"

"हे. शेवटपर्यंत दाबून धरायचं. मध्ये सोडलं तर टप अधांतरी थांबतो."

जयसिंगरावांनी आधी टप उघडला, मग बुवा आत शिरले. जयसिंगरावांनी दार लावलं.

टप आला. बुवांच्या टकलावर ऊन होतं, मग अर्ध्यावर सावली आली, मग आभाळ मिटलं. तो सुस्कारा.

जयसिंगराव काचेपाशी उभे राहिले.

आत बुवा समोर बघत बसले होते. मग त्यांचे गाल फुगले. त्यांनी श्वास रोखला होता. बाहेर जयसिंगरावांनीही रोखला, त्यांच्या नकळत.

बराच वेळ गेला.

बुवांनी मान वळवली. शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

त्यांचे ओठ हलले. मंत्र नव्हता तो. मंत्र म्हणताना माणूस थांबून ऐकत नाही. बुवा दोन शब्द बोलायचे, थांबायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. मध्येच ते हसले. मोकळं, मान मागे टाकून, जुना सोबती भेटावा तसं.

काचेवर वाफ धरू लागली. आधी बुवांच्या बाजूनं. मग... दुसऱ्या बाजूनंही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बापू शिर्के.

"काय मग, शंकराचार्य? रविवारी म्हाताऱ्यांची अब्रू राखणार की त्या पोरीच्या पदराआड लपणार?"

उत्तर द्यायला जयसिंगरावांना कधी वेळ लागत नसे. ते प्रश्न संपायच्या आत बोलायचे. आज ते फोन कानाशी धरून काचेकडेच बघत राहिले.

"हॅलो? मेलात काय?"

"बापू... मला माहीत नाही."

"काय?"

"टप चांगला की वाईट, मला माहीत नाही. मोटार माझ्याकडे आहे. मीच घेतलीय."

"तुम्ही? आणि आम्हाला..."

"रविवारी घेऊन येतो. तुम्ही आत बसा. देवयानीलाही बसू दे. एकेकटं. टप मिटून, इंजिन बंद करून. मग काय ते बोला. आणि तिला आजच फोन करा, बाळ आणू नको म्हणावं."

"मी करू? तिला? भूतबाधा झाली का तुम्हाला, जयसिंगराव?"

त्यांनी फोन ठेवला. काचेकडे वळले, तर आता आत काही दिसत नव्हतं. नुसती पांढरी वाफ.

मग झाकण उचललं गेलं. टप मोडला, मागे गेला, गिळला गेला.

मोटार उघडी. बुवा एकटेच होते. घामानं निथळत होते, जणू पावसातून आले. त्यांनी दार उघडलं, जयसिंगरावांकडे न बघता सड्यावरून चालत गेले आणि वेताळापुढे उभे राहिले.

जयसिंगराव मागोमाग गेले. दगडापाशी पोचले आणि त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. त्यांनी टोपी काढली. उघड्या डोक्याला गार लागलं. वारा पुन्हा सुटला होता.

"बुवा, गेला का तो?"

बुवांनी दगडावर तळवा टेकवला.

"तुमच्याशी बोलला?"

बुवांनी मान हलवली. हो.

मागे सड्यावर लाल मोटार उघडी उभी होती. दोन्ही सीट रिकाम्या. जयसिंगरावांना तिच्याकडे वळून बघवेना. टोपी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"कोण आहे तो, बुवा? सांगा ना. कोण आहे?"

बुवांनी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, ओळख पटवून घ्यावी तसं.

"तोही मला हेच विचारत होता," ते म्हणाले. "काचेतून तुझ्याकडे बोट करून."