न दिसलेला डावा पाय

एकदा एका शिष्येने तीन महिने खपून एका भुंगेऱ्याचे चित्र काढले, आणि तिच्या वृद्ध गुरूंनी दाढीच्या ब्लेडने त्या चित्रातला एक पाय खरवडून टाकला. दोघांची नावे सांगत नाही. दोघेही हयात आहेत आणि दोघेही तापट आहेत.

हा भुंगेरा साधासुधा नव्हता. तो तृणमण्यात अडकलेला होता. तृणमणी म्हणजे झाडाची राळ जमिनीत कोट्यवधी वर्षे राहून झालेला पिवळा, पारदर्शक खडा. बाल्टिक समुद्राकाठचे असे खडे एका जवाहिऱ्याने माळेसाठी आणले होते. त्यातल्या एकात तांदळाच्या दाण्याएवढा किडा दिसला, तेव्हा भोक पाडायचे सोडून त्याने तो खडा संग्रहालयाला देऊन टाकला. हात चालवण्याआधी पाहायचे हे व्यापाऱ्याला सुचले, ते पुढे शिकलेल्या माणसांना सुचले नाही, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

किडा जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला होता. शिष्येने संग्रहालयांचे जुने ग्रंथ पालथे घातले, शंभरांहून अधिक जातींशी त्याचे एकेक अंग ताडून पाहिले, आणि ही जात आजवर कोणी वर्णिलेली नाही अशी तिची खात्री झाली. ती खात्री रास्त होती. मेहनतीत ती कुठेही कमी पडली नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचक तिला आळशी समजतील.

अशा कामात चित्राचा एक जुना रिवाज आहे. सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी जे पाहिले ते भरीव रेघेने काढायचे. जे अंदाजाने ठाऊक आहे ते ठिपक्यांच्या रेघेने. आणि ज्याचा अंदाजही नाही तिथे कागद कोरा सोडायचा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात.

बाल्टिक तृणमण्यातल्या किड्यांच्या एका अंगावर पुष्कळदा दुधाच्या सायीसारखा पांढरा थर असतो. या भुंगेऱ्याची डावी बाजू अशाच थराखाली होती. उजवा मागचा पाय स्वच्छ दिसे. त्याच्या नडगीवर सात काटे होते आणि तेच या जातीचे मोठे लक्षण होते. डावा मागचा पाय मात्र दिसतच नव्हता. शिष्येने काय केले? उजवा पाय उलटा करून डावीकडे काढला, भरीव रेघेने, सात काट्यांसकट. शिवाय वर्णनात लिहिले, ‘मागच्या दोन्ही नडग्यांवर प्रत्येकी सात काटे.’

घाईला कारण होते. परदेशातला एक गट अशाच भुंगेऱ्यावर काम करत असल्याची बातमी आली होती. या शास्त्रात नियम कडक आहे: जो आधी छापेल त्याने दिलेले नाव कायम, दुसरा एका दिवसाने मागे राहिला तरी त्याचे नाव बाद. सहा वर्षांच्या अभ्यासाचे फळ त्या एका नावात होते. लेख तयार होता, फक्त गुरूंची संमती बाकी होती.

सोमवारी सकाळी तिने चित्र त्यांच्यापुढे ठेवले. म्हाताऱ्यांनी भिंग लावून पाहिले, मग खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले, मग पुन्हा चित्र पाहिले. खणातून ब्लेड काढले आणि डावा मागचा पाय खरवडायला घेतला. शाईच्या पापुद्र्यांनी टेबल काळे झाले.

“सर! अहो, काय करताय?”

“हा पाय तू पाहिलास?”

“उजवा पाहिला. डावा तसाच असणार ना!”

“मी उजव्याचं विचारत नाहीये. हा पाहिलास?”

“किड्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात सर, हे तुम्हीच शिकवलंत!”

“पाहिलास की नाही?”

“नाही!” ती ओरडली. “नाही पाहिला! मग ठिपके देते तिथे. एवढ्यासाठी माझं तीन महिन्यांचं चित्र खराब केलंत?”

“आणि वर्णनातल्या वाक्याला ठिपके कसे देणार? ‘दोन्ही नडग्यांवर सात’ लिहिलंयस. आता मला ठिपकेही नकोत. बघून ये.”

बघायचे म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. खड्याची खालची बाजू केसाच्या जाडीने घासत जायचे, साय चुकवून नवी खिडकी उघडायची. हात चुकला तर खड्याला तडा जाणार आणि त्या तड्यात भुंगेरा जाणार. हे आठ-दहा दिवसांचे काम होते.

शिष्येचा तोल गेला. तिने जे ऐकवले त्यातले छापण्यासारखे एवढेच आहे: “तुमची नोकरी झाली, मानसन्मान झाले, पेन्शन घरी येतंय. माझं काय? ते लोक उद्या छापतील. एका पायासाठी माझी सहा वर्षं पाण्यात घालणार तुम्ही? कोण मोजणार आहे हो तो पाय?”

“तू मोजलास ना,” गुरू म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. “सात मोजलेस! डोळे मिटून! उद्या कोणीतरी तुझ्यावर भरवसा ठेवून पुढचं लिहील, त्याच्यावर तिसरा लिहील. कोणाच्या बापाला कळणार नाही की मुळात कोणी काही पाहिलंच नव्हतं. चालती हो इथून.”

मला इथे शिष्येपेक्षा अधिक राग आपल्या सगळ्यांचा येतो. आपण तिच्याहून वाईट आहोत. ती निदान एका किड्याचा न पाहिलेला पाय रेखाटत होती, आपण माणसांचे असेच करतो.

ती गेली ती दार आपटून. मनाशी तिने ठरवले की हाच पाय सात काट्यांसकट उघडा पाडीन आणि म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत माफी मागायला लावीन. पुष्कळ चांगली कामे अशा रागाने होतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. काचेवर बारीकातला बारीक पॉलिशपेपर, वर पाण्याचे दोन थेंब, चार फेऱ्या घासायचे, धुवायचे, ग्लिसरिनमध्ये बुडवून पाहायचे, पुन्हा घासायचे. बोटांची टोके सोलवटली. रोज सकाळी ती आधी परदेशी नियतकालिकाचे पान उघडून बघे, तिथे काही नसले की घासायला बसे.

अकराव्या दिवशी दुपारी खिडकी उघडली. मांडी दिसली. शिष्येने श्वास रोखून खडा किंचित फिरवला. मांडी अर्ध्यावर संपली होती. पुढे नडगी नव्हती. काटे नव्हते, सात नव्हते, एकही नव्हता. तिला वाटले, आपणच घासून टाकला. पण पाय राळेत आत होता, कागद तिथवर पोचलाच नव्हता. तिने भिंगाची ताकद वाढवली. तुटलेले टोक ओबडधोबड नव्हते. ते आखडून गोल झाले होते, त्यावर काळी खपली धरली होती. राळेत सापडण्यापूर्वीच तो पाय गेला होता आणि जखम बंद झाली होती.

ती खडा घेऊन गुरूंच्या खोलीत गेली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि फक्त “हं” म्हणाले.

त्याच वेळी तिच्या फोनवर सूचना आली. परदेशी गटाचा लेख छापून आला होता. जात तीच होती, उजव्या नडगीवरचे सात काटे तेच. नाव त्यांचे.

“घ्या!” तिने फोन टेबलावर टाकला. तिला रडू आले आणि रडू आल्याचा आणखी राग आला. “समाधान झालं? त्या सोमवारीच पाठवलं असतं तर आपलं नाव लागलं असतं. आणि ते नाव तुमचं होतं. तुमचं नाव देणार होते मी त्याला!”

“ठाऊक आहे. मसुद्याच्या पहिल्याच पानावर होतं.”

मग हळू आवाजात तिने विचारले, “पाय तुटलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“छे. मला वाटत होतं, पाय असणारच. सात काट्यांसकट.”

“मग खरवडलात कशाला?”

“तसं वाटत होतं म्हणूनच.”

गुरूंनी चष्मा काढून ठेवला. मग ते म्हणाले, “नाव गेलं त्याचा मलाही राग आहे. मी काही संत नाही. पण ऐक. हा प्राणी धावून शिकार करणारा. याचा एक पाय कशानं तरी तोडला. जखम भरून येईपर्यंत हा पाच पायांवर पळाला, पाच पायांवर पोट भरलं, आणि मग राळेनं धरला. त्याच्या जातीचं नाव आता जगाला ठाऊक आहे. पण त्याच्या बाबतीत काय घडलं, हे चार कोटी वर्षांत पहिल्यांदा तुला दिसलं. तू त्याला धडधाकट डावा पाय देऊन बसली होतीस. तुला वाटलं, आपण चित्र पुरं केलं. त्याच्यावर जे गुदरलं होतं ते तू पुसून टाकलं होतंस, आणि तेही शहाणपणानं, ‘दोन्ही बाजू सारख्या’ या नियमाला धरून. म्हणून माझं डोकं फिरलं. अज्ञानाचा मला राग येत नाही गं. अज्ञान कोरा कागद तरी सोडतं.”

शिष्येचा राग गेला होता असे नाही. तिने खुर्ची ओढली, कागद पुढे घेतला आणि लेख नव्याने लिहायला बसली. आता तो नव्या जातीचा लेख नव्हता, दुसऱ्यांनी नाव दिलेल्या जातीचा दुसरा नमुना सापडला, एवढाच होता. ‘मागच्या दोन्ही नडग्यांवर’ हे शब्द तिने खोडले. त्या जागी लिहिले, ‘मागच्या उजव्या नडगीवर सात काटे. मागचा डावा पाय मांडीच्या मध्यापासून नाही. जखम जिवंतपणी भरलेली.’ लिहून झाल्यावर तिने ते वाक्य गुरूंना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली, आणि दोघांनी तो खडा पुन्हा एकदा आळीपाळीने पाहिला.

शेजाऱ्याची, सुनेची, परक्या जातीच्या माणसाची जी बाजू आपल्याला दिसत नाही, ती दिसलेल्या बाजूसारखीच असणार असे ठामपणे सांगण्याआधी आपणही स्वतःला एकदा विचारावे की आपण ती पाहिली आहे का.