अळंबीवरचा भुंगेरा

"मग माझं काय चुकलं, बाबा?" विश्रामने विचारलं. "आई आली, तरी माझं ध्यान ढळलं नाही."

सोमगिरबाबा मठामागे उन्मळून पडलेल्या फणसापाशी बसले होते. झाड कधीचंच मेलं होतं. खोडावर अळंबीचे टणक पंखे उगवले होते.

"बराच वेळ बसली होती का ती?"

"सकाळपासून. हाका मारल्या, पाठीवरून हात फिरवला. मी डोळे उघडले नाहीत."

घर सोडल्यापासून आई पहिल्यांदाच त्याला भेटायला घाट चढून आली होती. हे सांगताना विश्रामची मान ताठ होती.

"आता कुठे आहे?"

"उतरली खाली. फाट्यावर एसटीची वाट बघत असेल."



बाबांनी अळंबीखाली बोट दाखवलं. सालीच्याच रंगाचा, खडबडीत अंगाचा एक भुंगेरा तिथे अळंबी कुरतडत होता. डोक्याशी दोन शिंगं.

"याची आई अळंबीवर अंडं घालते आणि वरून लिंपून टाकते. अळी आतच खाऊनपिऊन मोठी होते. या खोडापलीकडे फारसा जात नाही हा… फुंकर घाल बघू."

बाबांनी खाली तळहात धरला. विश्राम वाकला. श्वास लागताच भुंगेऱ्याने पाय पोटाशी घेतले आणि तो टपकन बाबांच्या तळहातावर पडला. उताणा.

"मेला?"

"बघ."

विश्रामने काडीने डिवचलं. भुंगेरा हलला नाही.

"किती स्थिर आहे," बाबा म्हणाले. "ध्यान लागलं असेल का याला?"

विश्राम हसला. "ध्यान कसलं, बाबा! घाबरलाय तो."

…

त्याचं हसू ओसरलं.

बाबांनी तळहात तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने भुंगेऱ्याने एक पाय हलवला, मग दुसरा. बाबांनी त्याला अलगद अळंबीवर सोडलं. तो पुन्हा खाऊ लागला.

"तिचा हात पाठीवरून फिरला," विश्राम हळूच म्हणाला. "वाटलं, डोळे उघडले तर मी तिच्याबरोबर घरी निघून जाईन…"

"हं."

"एसटी गेली असेल?"

"घाटात हॉर्न वाजलेला ऐकला नाही मी अजून."

विश्राम उठला आणि अनवाणीच धावत सुटला. पायवाटेच्या वळणावर थबकून त्याने मागे पाहिलं.

"बाबा, परत आलो तर मला ठेवून घ्याल?"

"तिला विचारून ये."