तानूमावशीची तपासणी

अर्धांगवायूने तानूमावशी खाटेला खिळली, तेव्हापासून तिला न्हाऊ घालणं, लुगडं नेसवणं सगळं शेजारच्या शेवंताकाकूच करत आल्या. पण आता काकूंचीच कंबर धरली. नगरपालिका अशा एकट्या म्हाताऱ्यांना घरी फुकट सेवेकरीण देते असं कळलं, म्हणून त्यांनी मावशीसाठी अर्ज केला. तपासणीला साहेब यायचे होते. पाहुण्यापुढे माणसाला पारोसं कसं बसवायचं? काकूंनी मावशीला न्हाऊ घालून इरकली नेसवली, अंबाड्यात अबोलीसुद्धा माळली.

साहेब उंबऱ्यातच थबकले. "ह्या तर लग्नाला निघाल्यासारख्या बसल्यात! ज्यांना अंघोळ, नेसणं जमत नाही त्यांनाच बाई मिळते. नामंजूर!"

मावशीचे डोळे भरून आले. काकूंनी पदर खोचला.

"साहेब, कपाळावर कुंकू दिसतंय. कोपऱ्यावरच्या देवीला जाऊन आलात वाटतं? कशी दिसत होती?"

"प्रसन्न! न्हालेली, भरजरी शालू, गजरा..."

"मग ती काय उठून आपली आपण नेसली?"

साहेबांनी पुढे होऊन मावशीचा लुळा हात हातात घेतला आणि हसले.

"बरं काकू, तुमच्या देवीला पुजारीण मंजूर."