शेंगांचे घोस

त्या कुरणात माणूस कधी आलाच नव्हता. त्यामुळे राज्य कुणी करायचे हा प्रश्न जनावरांनाच सोडवावा लागे, आणि त्यांनीही तो माणसाला लाजवील इतका खटाटोप करून सोडवला होता. कुरणात दोन पक्ष होते. नदीकाठाला राहणारे काठकरी आणि उतारावर राहणारे डोंगरकरी. दर पाचव्या उन्हाळ्यात दोन्ही पक्षांचे उमेदवार समोरासमोर उभे राहत. पण त्याआधी प्रत्येक पक्षाला आपल्यातला एक उमेदवार निवडावा लागे, आणि खरी धुमश्चक्री तिथेच होई. परक्याशी भांडताना थोडी तरी भीड असते. घरच्यांशी भांडताना ती कोण ठेवतो?

काठकऱ्यांची रीत अशी, की इच्छुकांनी बारा वस्त्या पायी फिरायच्या. वस्तीला जो पटेल, त्याच्या गळ्यात तिथली माकडे शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा घोस वेलाने बांधत. शेवटी ज्याच्याकडे घोस जास्त, तो उमेदवार. बांधलेला घोस काढायचा नाही. काढला की बाद. शिरीषाची शेंग वाळली की आतल्या बिया खुळखुळतात. त्यामुळे पुढारी दिसायच्या आधी ऐकू येई, आणि खुळखुळाट जितका मोठा तितका पुढारी मोठा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते.

यंदा तिघे उभे होते : शृंगराज नावाचा बैल, एक मोर आणि काजळी नावाची काळी शेळी. काजळीने आपणहून कधी काही मागितले नव्हते. तिच्यात गुण एकच होता. ती जमिनीला कान लावून खालचे पाणी ऐकायची. मागच्या दोन कोरड्या उन्हाळ्यांत तिने दाखवल्या जागी रानडुकरांनी उकरले आणि झरे लागले. झाले! काठावर एक कावळा होता, त्याला सल्ला दिल्याशिवाय घास गिळवत नसे. ‘‘जिला पाणी कळतं तिला राज्य कळणार नाही होय?’’ असे म्हणत त्याने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवले. शेळीला झाडावर चढायची हौस मुळातच असते.

पहिली वस्ती सशांची. बारांत सगळ्यांत लहान, पण पहिली असल्याने तिचा तोरा केवढा! तिघांनीही तिथे दूर्वांची तोंड भरून स्तुती केली. ससा हा कुरणाचा कणा आहे, असे शृंगराज गहिवरून म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वस्तीत रानडुकरांनाही त्याने कणाच केले. मोराला दोन्हीकडे काही मिळाले नाही. त्याने पिसारा मिटला, बैलाला पाठिंबा जाहीर केला आणि घर गाठले.

सशांनी काजळीला घोस दिला तेव्हा तिला मनापासून बरे वाटले. चालताना गळ्याशी कुणीतरी सारखे आपल्या बाजूने बोलते आहे असे वाटे. दुसरा घोस मिळाला, तिसरा मिळाला. सातव्या वस्तीत एक टिटवी काही गाऱ्हाणे घेऊन आली, तेव्हा मात्र काजळीला तीनदा ‘‘काय म्हणालीस?’’ विचारावे लागले.

‘‘सारखं विचारतेस काय?’’ कावळा तिच्या शिंगावरून खेकसला. ‘‘पुढारी विचारत नसतो, सांगत असतो.’’

त्या दुपारी सगळे सावलीला पेंगत असताना तिने सहज जमिनीला कान लावला. तिच्या प्रत्येक श्वासासरशी शेंगा वाजत होत्या. खालचे काहीच ऐकू येईना. तिने कावळ्याला ते सांगितले.

‘‘निवडून आलीस की काढून टाक,’’ कावळा म्हणाला.

‘‘निवडून आल्यावर कुणी काढलेत आजवर?’’

कावळा चोच साफ करू लागला.

अकरा वस्त्या झाल्या तेव्हा काजळीकडे सहा घोस होते आणि शृंगराजाकडे पाच. उरली होती मेंढ्यांची वस्ती. तिथला ओढा आटून पात्राला भेगा पडल्या होत्या. ‘‘माझं राज्य येऊ द्या, नदीच इकडे वळवतो!’’ असे शृंगराज आदल्या दिवशी सांगून गेला होता, आणि तहानलेल्या मेंढ्यांनी त्याचेही कौतुक केले होते. आता गोदाक्का नावाची म्हातारी मेंढी पुढे आली.

‘‘भाषण नको गं बाई,’’ ती म्हणाली. ‘‘पंधरा दिवस आम्ही चिखल चाटतोय. पाणी कुठं आहे तेवढं सांग. घोस तुझाच.’’

काजळीने गुडघे टेकले आणि कान लावला. खुळखुळ. तिने श्वास रोखला, तर काळजाच्या ठोक्यानेच शेंगा हलू लागल्या. जागा बदलली, तरी तेच.

‘‘कुठंही खुरानं दाखव,’’ कावळा कुजबुजला. ‘‘उकरून होईपर्यंत घोस गळ्यात पडलेला असेल.’’

तिने मान वर केली. सगळ्या मेंढ्या जागच्या जागी थिजल्या होत्या. हिला ऐकू यावे म्हणून कुणी कान हलवत नव्हते, कुणी खोकत नव्हते. गोदाक्काने तर डोळेही मिटले होते. एवढी शांतता काजळीला आजवर कुणी दिली नव्हती, आणि ती मोडत होता तिचाच गळा. तिला स्वतःची लाज वाटली.

ती उठली, बाभळीच्या एका खुंटात तिने घोसांचे वेल अडकवले आणि हिसडा दिला. सहाही घोस खाली पडले.

‘‘अगं, सहा वस्त्या होत्या त्या!’’ कावळा किंचाळला.

‘‘हो ना. पण सगळ्या एकदम बोलतात. या सातवीचं ऐकू येत नाही.’’

तिने पुन्हा कान टेकला. पहिल्यांदा काहीच नाही. कान कायमचा गेला की काय, अशी तिला भीती वाटली. मग खूप खालून, अगदी बारीक, काहीतरी झिरपताना ऐकू आले. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

‘‘इथं,’’ ती म्हणाली.

संध्याकाळच्या आत झरा लागला. मेंढ्या पाण्यावर तुटून पडल्या आणि काजळी बाजूच्या वाळूत पाय पसरून आडवी झाली. सुटले, असे ती दोनदा मोठ्याने म्हणाली. मान इतकी हलकी असते हे ती विसरूनच गेली होती.

ती बाद झाल्यामुळे रीतीप्रमाणे शेवटचा घोस शृंगराजाला गेला. कावळ्याने वेळ न दवडता त्याचे शिंग गाठले, आणि खाली पडलेले सहा घोसही वाया कशाला घालवायचे म्हणून माकडांकरवी त्याच्याच गळ्यात बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी काठकऱ्यांचा उमेदवार मेंढ्यांचे आभार मानायला झऱ्यावर आला. बारा घोसांचा आवाज डोंगरापर्यंत जात होता. गोदाक्का गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचली. गर्दीच्या पायांनी झऱ्याचे पाणी गढूळ होते आहे, असे तिने सांगितले. शृंगराजाने जोरात मान डोलावली, शेंगा खुळखुळल्या आणि गर्दीने जयजयकार केला. तिने पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा मान डोलावली, पुन्हा जयजयकार झाला.

गोदाक्काने तिसऱ्यांदा सांगायचा नाद सोडला. मग वळली आणि गर्दीच्या मागे, जिथे काजळी एकटीच पाला खात होती, तिथे आली. आता ओरडूनच सांगावे लागणार म्हणून तिने छाती भरून श्वास घेतला.

‘‘हळू बोल, आक्का,’’ काजळी म्हणाली. ‘‘ऐकू येतंय.’’