मापाचा शंख

पूर्वी, कुणाच्या आज्याच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, एका खाडीच्या तोंडाशी नाना जातींचे खेकडे राहत. वाळूतले पांढरे खेकडे बिळं खणत. चिखलातले एकाच अंगाला भलीमोठी नांगी मिरवत. कांदळाच्या झाडांच्या मुळाशी चिंबोऱ्या, त्यांची पाठ दगडासारखी. राहता राहिले शंखातले. त्यांचं अंग मागून मऊ, म्हणून ते रिकाम्या शंखात घर करत.

या शंखवाल्यांची एक रीत होती. मोठा शंख किनाऱ्याला लागला की सगळ्यांना हाक द्यायची, आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत रांग लावायची. थोरला नव्या शंखात जाई, त्याच्या जुन्यात त्याच्या मागचा. असं करत करत शेवटच्यालाही थोडं मोठं घर मिळे.

सगळ्यांत धाकट्याच्या शंखाला भोक पडलं होतं. बगळ्याची चोच आत येईल, या धास्तीनं त्याचा जीव थाऱ्यावर नसे. एके दिवशी ओहोटीला त्यालाच आधी एक मोठा शंख दिसला.

"हाक मार की तुझ्या भावकीला," कांदळाच्या मुळांतून एक चिंबोरी म्हणाली.

"हाक मारली तर थोरला शिरेल, मावशी. सापडला मला, आणि मी काय बघत बसू?"

"अरे, तुझ्यासारखे चार मावतील त्यात."

"मावू देत. ऐसपैस राहीन."

आपला शंख टाकून तो आत शिरला.

मोठा शंख पाहून भावकी जमली. थोरला म्हणाला, "बाळा, बाहेर ये. तुझ्या मापाचं तुला मिळेल."

"आधी तुम्ही घ्याल, मग उरलं तर मला. नको."

"बरं, चालून तरी दाखव," चिखलातला एक नांगी हलवत म्हणाला. "बघू, तू घराला ओढतोस का घर तुला."

धाकट्यानं जोर लावला. शंख जागचा हलेना. सगळ्यांनी पुष्कळ वाट पाहिली, मग जो तो आपल्या वाटेनं गेला.

ऊन चढलं. बगळा आला. शंख इतका सैल, की चोच सहज आत गेली. धाकट्याला आत घट्ट धरून बसायला काही सापडलंच नाही.

सांजेला भावकी परत आली, तर शंख रिकामा. रांग लागली, एकेकानं घर बदललं. शेवटी एक शंख उरला. ना भोक, ना चीर, अगदी धाकट्याच्या मापाचा. त्यात शिरायला कुणी नव्हतं.

म्हणून सांगतो, सगळ्यांच्या आधी मोठं घेण्यापेक्षा सगळ्यांबरोबर आपल्या मापाचं घ्यावं.