मोत्यासारख्या दाण्यांचा मका

किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते विचारू नका, पण तेव्हा डोंगरापलीकडच्या एका गावात मका चांगला माणसाच्या वर जायचा!

पेरणीला तिथं एक रीत होती. प्रत्येक घरानं आपलं मूठभर बी शेजारी द्यायचं, त्यांचं आपण आणायचं. त्यामुळे कणसं निघायची चितकबरी. एक दाणा पांढरा, एक पिवळा, एक जांभळा.

तिथल्या एका थोरल्या जावेला एकदा अख्खं पांढरंशुभ्र कणीस सापडलं. मोतीच जणू! झालं, तिनं देणंघेणं बंद केलं. वेशीबाहेर एकटंच शेत धरलं. दुसऱ्याच्या तुऱ्याची धूळ बसू नये म्हणून कोवळ्या कणसांवर पानांच्या टोप्या चढवल्या, आणि ज्या झाडाचं कणीस, त्याचाच तुरा त्यावर झटकला.

“अहो जाऊबाई, कणसांना थंडी वाजते का?” धाकटी जाऊ हसायची.

“तुझं चितकबरं तुझ्यापाशी ठेव!”

पहिल्या वर्षी पीक जरा बुटकं आलं. मग छातीएवढं. मग कमरेएवढं. तुरे उशिरा, कणसं बोटाएवढी, दाणे विरळ. पण पांढरे हं! थोरली त्यातच खूश. पाचव्या वर्षी मात्र कितीतरी रोपं पांढरीफटक उगवली आणि आठवड्यात वाळली. उरली सात झाडं. तीही खुरटी.

थोरलीला काही कळेना. खत तेच, पाणी तेच. आता खायचं काय? पुढं पेरायचं काय? शेवटी मान खाली घालून ती धाकटीच्या दारात गेली.

धाकटी आपल्या शेतातला तुरा घेऊन तशीच निघाली. “टोप्या काढा. पण आधीच सांगते, दाणे पांढरे राहायचे नाहीत.”

थोरलीचा हात टोपीवर थबकला. पाच वर्षांचा हट्ट होता तो! मग तिनंच टोपी ओढून काढली. धाकटीनं तुरा झटकला, पिवळी धूळ कणसाच्या केसांवर बसली.

त्या सात झाडांवर मूठभर पिवळे दाणे धरले. थोरलीनं ते जपून पेरले, आणि बाई बाई, काय ते पीक! हात वर केला तरी तुरा हाताला लागेना. कणसं टच्च भरलेली!

थोरलीनं पहिली भाकरी धाकटीच्या ताटात वाढली. डोळे भरून आले होते. “तुझ्यामुळे चूल पेटली गं माझी.”

“आणि भाकरी पिवळी झाली त्याचं काय?”

“होऊ दे की! गोड आहे, खा.”

तात्पर्य: आपलं आपल्यातच कोंडलं की खुरटतं, दुसऱ्याचं मिसळलं की बहरतं, आणि जो मिसळू देतो, त्याचे उपकार विसरू नयेत.